काठोकाठ काळं ऑइल

गाडीचं ऑइल बदलताना खाली जमा होणारं काळं, जळकं ऑइल कुणालाच नको असतं. ब्रिटिश शिल्पकार रिचर्ड विल्सन यांनी १९८७ साली लंडनच्या मॅट्स गॅलरीत तेच वापरून अख्खी खोली कमरेपर्यंत भरली. नाव दिलं '२०:५०'. इंजिन ऑइलच्या ग्रेडचा हा आकडा आपल्याकडच्या गॅरेजवाल्यांनाही तोंडपाठ आहे.

भिंतीपासून भिंतीपर्यंत पोलादी टाकी आणि तिच्यात काठोकाठ तेल. दारातून टाकीच्या पोटात एक वाट शिरते, तिच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढे पत्रे. पुढे जावं तशी ती निमुळती होते आणि शेवटी एका माणसापुरती जागा उरते. तिथे उभं राहिल्यावर सगळीकडे तेलच असतं, पण तेल दिसत नाही. दिसतं उलटं छत, उलट्या भिंती, खोल गेलेला उजेड.

पाण्याने हे साधलं नसतं. पाण्याचा तळ दिसतो, जरा धक्का लागला की तरंग उठतात. काजळीने काळं झालेलं ऑइल मात्र आत शिरलेला प्रकाश गिळून टाकतं. पृष्ठभागावरून परततो तेवढाच डोळ्यांपर्यंत येतो. लहानसहान हादरे त्याच्या दाटपणात जिरतात. शिवाय नजर जितकी तिरकी, तितकं प्रतिबिंब लख्ख. म्हणून तेल पायाशी न ठेवता कमरेपर्यंत आणण्यात मला विल्सन यांची सगळ्यात मोठी कल्पकता दिसते.

फोटोत ही कलाकृती नुसती चकचकीत फरशी वाटते, कारण फोटोला वास नसतो. डोळे पोकळी सांगतात, नाक तेल सांगतं, आणि बाहीला डाग लागेल या धास्तीने माणूस कोपरं अंगाशी घेतो. आरशांच्या खोल्यांत माणूस स्वतःलाच न्याहाळत बसतो. इथे खोलीकडे पाहावं लागतं, आणि मला हे फार मोलाचं वाटतं.

कलासंग्राहक चार्ल्स साची यांनी ही कलाकृती विकत घेतली. बाउंडरी रोड, मग थेम्सकाठचा काउंटी हॉल, नंतर चेल्सी: साची गॅलरी हलली की टाकीही नव्या खोलीच्या मापाने बांधावी लागे. २०१८मध्ये ती हेवर्ड गॅलरीतही उभी राहिली. खोली बदलली की शिल्पही बदलतं. पातळी मात्र कुठेही तंतोतंतच लागते. तेल समतलच राहणार. टाकीचा काठ जरा कलला, तर एका बाजूला कोरड्या पत्र्याची पट्टी उघडी पडते आणि तेल पुन्हा नुसतं तेल दिसू लागतं.