एक तार, दोन कामे



भिवपुरीच्या वीजघरातून बाहेर पडलेले पाणी राजनाल्याला येते आणि त्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात उभा राहतो, हे तुम्हांला सांगायला नको. घाटमाथ्यावरून खाली येताना ते पाणी आधी वीज करते, मग शिवार भिजवते. एकाच पाण्याने दोन कामे होतात. मग एकाच तारेने दोन कामे का होऊ नयेत? जी तार घरात दिवा लावते, तिच्यातूनच इंटरनेट का येऊ नये? हा प्रश्न तुमच्या घरातल्या शाळकरी मुलानेही विचारला असेल. प्रश्न शहाणपणाचा आहे. त्याचे उत्तर आज पाहू.

आपल्या भागाला या प्रश्नाचा पहिला मान आहे. टाटांचे खोपोलीचे वीजघर फेब्रुवारी 1915 मध्ये सुरू झाले आणि भिवपुरीचे 1922 मध्ये. तिथली वीज उंच मनोऱ्यांवरून मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. तारांखालच्या गावांत मात्र पुढे कित्येक वर्षे कंदीलच जळत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. आता इंटरनेटच्या बाबतीत तसेच होऊ नये, म्हणून ही माहिती घरातल्या सर्वांनी वाचावी.

तारेतून निरोप पाठवणे ही कल्पना नवी नाही. वीज कंपन्या स्वतःच्या कामासाठी ती शंभरेक वर्षांपासून वापरत आहेत. त्याचे असे आहे : आपल्या घरची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. त्याच तारेवर सेकंदाला हजारो, लाखो हेलकावे घेणारी बारीक लहर सोडली, तर दोन्ही एकमेकींत न मिसळता एकाच तारेतून धावतात. भजनात मृदंगाचा ठोका आणि टाळांची किणकिण एकाच वेळी कानावर येते, तरी आपण दोन्ही वेगवेगळी ओळखतो ना? तसेच हे.

मोठ्या उपकेंद्रात उच्च दाबाच्या तारेला टांगलेले पिंपासारखे गोल वेटोळे तुम्ही कुंपणाबाहेरून पाहिले असेल. त्याला वेव्ह ट्रॅप म्हणतात. ते विजेला पुढे जाऊ देते, पण बारीक लहर अडवते. अडलेली लहर शेजारच्या दुसऱ्या उपकरणातून खाली यंत्राकडे वळवली जाते. शेताच्या बांधाला मोरी ठेवून पाणी हवे तिकडे वळवावे, तसाच हा प्रकार. या वाटेने एका उपकेंद्रातला माणूस दुसऱ्या उपकेंद्राशी बोलू शकतो आणि तारेत बिघाड झाल्याचा इशाराही क्षणात पोचतो.

आता तुम्ही म्हणाल, मग घरोघरी इंटरनेट द्यायला काय हरकत आहे? प्रयत्न झाले. इंग्लंडात मँचेस्टर भागात 1997 मध्ये मोठा गाजावाजा झाला आणि 1999 मध्ये ते काम सोडून द्यावे लागले. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मनासास या शहराने 2005 मध्ये अशी सेवा गावभर दिली. तीही 2010 मध्ये बंद झाली.

याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. पहिले कारण म्हणजे विजेची तार उघडी असते. तिच्यावर जलद लहर सोडली की ती तार एरियलसारखी वागू लागते आणि आसपासच्या रेडिओत खरखर येते. दुसरे कारण आपली डीपी. ही बारीक लहर डीपीतून धडपणे पलीकडे जात नाही. म्हणून प्रत्येक डीपीपाशी तिच्यासाठी वेगळी वाट करून द्यावी लागते आणि खर्च वाढत जातो. तिसरे कारण तर आपल्या रोजच्या ओळखीचे. सैल जोड, जुनी तार, कोणी टाकलेला आकडा, मोटारीचा स्टार्टर या सगळ्यांचा गोंगाट तारेवर चालू असतो. जत्रेच्या गर्दीत कानगोष्ट कशी ऐकू यावी?

पण ही कल्पना वाया गेली असे समजू नका. जिथे थोडाच निरोप पाठवायचा असतो, तिथे ती उत्तम चालते. इटलीत लाखो घरांच्या वीजमीटरांचे आकडे याच वाटेने कंपनीकडे जातात. मीटरचा आकडा म्हणजे पोस्टकार्ड आणि इंटरनेट म्हणजे भरलेली बैलगाडी, एवढा दोहोंत फरक आहे.

मोठ्या भारासाठी वेगळी युक्ती निघाली. मनोऱ्यांच्या अगदी शेंड्यावर विजेपासून रक्षण करणारी एक तार असते. तिच्या पोटात आता केसासारखे बारीक काचेचे तंतू घालतात. त्यांतून प्रकाशाच्या रूपाने माहिती जाते. शेजारून कितीही दाबाची वीज वाहो, काचेला तिची बाधा होत नाही. केरळ सरकारने 2023 मध्ये सुरू केलेली के-फोन योजना वीज मंडळाच्याच मनोऱ्यांच्या आणि खांबांच्या आधाराने उभी राहिली. आंध्र प्रदेशातही विजेच्या खांबांवरून अशी तार गावोगाव नेली. म्हणजे तार दुसरी, पण वाट आणि खांब तेच.

या वाटेचीही मर्यादा लक्षात ठेवावी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यावर आले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले. खांबावर जे असेल ते खांबाबरोबर पडते. संकटाच्या वेळी निरोपाला एकच वाट असणे बरे नव्हे.

आता घरापुरते पाहू. जुन्या घराच्या जाड भिंतींतून वायफाय मागच्या पडवीत पोचत नसेल, तर पॉवरलाइन अडॅप्टर नावाची जोडी मिळते. एक नग राउटरजवळच्या प्लगमध्ये आणि दुसरा पडवीतल्या प्लगमध्ये लावला की घरच्याच वायरिंगमधून इंटरनेट तिथे जाते. दोन्ही प्लग एकाच मीटरवरचे हवेत. गोठ्याचे किंवा पंपाचे मीटर वेगळे असेल तर भरवसा धरू नये. नग थेट भिंतीतल्या प्लगमध्ये लावावा, एक्स्टेंशन बोर्डावर नको. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. दुकानदाराकडून परत घेण्याची कबुली घेऊनच खरेदी करावी. आणि हे ध्यानात ठेवा, की ही जोडी घरात आलेले इंटरनेट पुढे नेते. बाहेरून नवे इंटरनेट आणत नाही. “मीटरमधून फुकट नेट देतो” असे सांगत कोणी आला, तर त्याला पैसे देऊ नका.

खरे काम ग्रामसभेत आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत काचेची तार नेण्यासाठी केंद्र सरकारची भारतनेट योजना आहे. ती तार आपल्या पंचायतीत पोचली का? पोचली असेल तर चालू आहे का? शाळा, दवाखाना आणि वरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांपर्यंत ती पुढे कधी जाणार? हे प्रश्न लेखी द्या आणि उत्तरही लेखीच मागा. घरातल्या शिकणाऱ्या मुली-सुनांना सभेला बरोबर न्या. पावसाचा इशारा असो, भाताचा भाव असो की मुलांचा अभ्यास, गरज त्यांनाही तेवढीच आहे.

खोपोलीची वीज आपल्या डोक्यावरून गेली तेव्हा आपल्या आजा-पणजांना कोणी विचारले नाही. आज विचारण्याचा हक्क आपल्या हातात आहे. तो वापरा.