द रिअल घोस्टबस्टर्स

'द रिअल घोस्टबस्टर्स' ही १९८६ ते १९९१ या काळात प्रसारित झालेली अमेरिकन ॲनिमेशन मालिका आहे. आयव्हन राइटमन यांनी दिग्दर्शित केलेल्या 'घोस्टबस्टर्स' (१९८४) या चित्रपटावर ती आधारलेली असून कोलंबिया पिक्चर्स टेलिव्हिजन आणि डीआयसी या संस्थांनी तिची निर्मिती केली. पहिला भाग १३ सप्टेंबर १९८६ रोजी एबीसी वाहिनीच्या शनिवार सकाळच्या कार्यक्रमांत दाखवला गेला. न्यू यॉर्क शहरात भुते पकडण्याचा व्यवसाय करणारे चौघे, त्यांची कार्यालयीन सचिव जनीन मेलनिट्झ आणि स्लायमर हे हिरवे, खादाड भूत ही मालिकेतील मुख्य पात्रे होत.

नावाचा वाद

शीर्षकातील 'रिअल', म्हणजे 'खरे', हा शब्द व्यावसायिक चढाओढीतून आला. फिल्मेशन या संस्थेने १९७५ मध्ये 'द घोस्ट बस्टर्स' नावाची एक विनोदी मालिका काढली होती. तीत दोन माणसे आणि एक गोरिला मिळून भुतांचा बंदोबस्त करीत. चित्रपटासाठी हे नाव वापरता यावे म्हणून कोलंबियाला फिल्मेशनशी आर्थिक करार करावा लागला. चित्रपट तुफान चालल्यावर फिल्मेशनने आपल्या जुन्या मालिकेतील नायकांची मुले घेऊन 'घोस्टबस्टर्स' हीच ॲनिमेशन मालिका सुरू केली, तीही १९८६ च्या सप्टेंबरातच. साहजिकच कोलंबियाला आपल्या मालिकेच्या नावात 'खरे' हे विशेषण जोडावे लागले. वस्तुतः नाव आधी फिल्मेशनचे होते. 'खरे' मात्र दुसरेच ठरले.

चेहरे आणि आवाज

लोकप्रिय चित्रपटाची ॲनिमेशन मालिका करताना एक अडचण हटकून येते. पात्रे निर्मात्यांच्या मालकीची असतात, पण नटांचे चेहरे नसतात. बिल मरी, डॅन अ‍ॅक्रॉइड, हॅरल्ड रेमिस आणि अर्नी हडसन यांच्याशी साम्य टाळून चौघांची नवी रूपे रेखाटण्यात आली. रेमिस यांनी साकारलेला इगॉन स्पेंगलर चित्रपटात काळ्या केसांचा होता. मालिकेत त्याला सोनेरी केसांचा उंच तुरा मिळाला. चित्रपटात सर्वांचा गणवेश एकसारखा खाकी होता, तर येथे प्रत्येकाला वेगळा रंग दिला गेला. लहान पडद्यावर पात्रे चटकन ओळखू यावीत, हाही त्याचा उपयोग होता. विशेष म्हणजे लेखकांनी या बदलालाही कथेत स्थान दिले. 'सिटिझन घोस्ट' या भागात जुने गणवेश भुताटकीने बाधित होतात आणि त्यांतून नायकांचीच भुते उभी राहतात. स्लायमर त्यांच्याकडे राहायला कसा आला, याचाही उलगडा याच भागात होतो.

आवाज देणाऱ्यांनी मूळ नटांची नक्कल करू नये, अशी अपेक्षा होती. मॉरिस लामार्श यांनी मात्र इगॉनसाठी रेमिस यांच्याच धाटणीचा आवाज काढला आणि भूमिका मिळवली. याउलट चित्रपटात विन्स्टन झेडमोर साकारणारे हडसन स्वतः आवाजचाचणीस गेले असता त्यांची निवड झाली नाही. ती भूमिका आर्सेनिओ हॉल यांना मिळाली. स्वतःच्याच पात्रासाठी नापास होण्याचा असा प्रसंग क्वचितच घडतो. पीटर व्हेंकमनचा आवाज लोरेंझो म्यूझिक यांचा होता. गारफिल्ड या बोक्याचा दूरचित्रवाणीवरील आवाजही त्यांचाच. पुढे २००४ च्या चित्रपटात त्याच बोक्याला चित्रपटातील व्हेंकमन, म्हणजे बिल मरी यांनी आवाज दिला. रे स्टॅन्झ आणि स्लायमर या दोघांचे आवाज फ्रँक वेल्कर यांनी काढले.

लेखन

कथा-संपादक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की हे मालिकेच्या सुरुवातीच्या यशाचे प्रमुख मानकरी मानले जातात. त्यांच्यापुढील काम अवाढव्य होते. एबीसीवरील पहिल्या पर्वाचे १३ भाग आणि त्यासोबतच स्थानिक केंद्रांना विकण्यासाठी आणखी ६५ भाग, असे एकूण ७८ भाग त्यांच्या देखरेखीखाली तयार झाले. ६५ हा आकडा आठवड्याचे पाच दिवस आणि तेरा आठवडे या हिशेबातून येतो. तेवढे भाग असले की रोजचे प्रसारण परवडत असे. लेखन आणि ध्वनिमुद्रण अमेरिकेत, तर चित्रांकनाचे बरेचसे काम जपानमध्ये, अशी विभागणी होती. आधी संवाद ध्वनिमुद्रित होत आणि त्यांच्या लयीनुसार चित्रे काढली जात.

घाईतही लेखनाचा दर्जा टिकून राहिला. लोककथा, पुराणकथा आणि भयसाहित्य यांचा लेखकांनी मुक्तपणे उपयोग केला. एका भागात तर एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्या कथाविश्वातील अक्राळविक्राळ दैवत अवतरते. बालप्रेक्षकांना न समजणारे संदर्भ गाळावेत, असा आग्रह तेव्हा नव्हता.

सल्लागारांचा हस्तक्षेप

तो लवकरच आला. मालिका लोकप्रिय झाल्यावर एबीसीने क्यू-फाइव्ह या सल्लागार संस्थेची मदत घेतली. स्ट्रॅझिन्स्की यांनी नंतर सांगितल्याप्रमाणे, रे हे पात्र निरुपयोगी आहे, विन्स्टनकडे गाडी चालवण्याचे काम असावे आणि जनीनने अधिक आईसारखे वागावे, अशा तिच्या सूचना होत्या. जनीनच्या चष्म्याची टोकेही मुलांना घाबरवतील म्हणून गोल करावीत, असे सुचवण्यात आले. चौघांपैकी एकमेव कृष्णवर्णीय पात्राला चालक करण्याची आणि फटकळ, स्वतंत्र बाण्याच्या स्त्रीला मवाळ करण्याची ही सूचना निव्वळ मुलांच्या हिताची होती, असे म्हणणे कठीण आहे.

रे टिकला, पण जनीनचे केस, चष्मा आणि स्वभाव बदलले. तिचा आवाजही लॉरा समर यांच्याऐवजी कॅथ सूसी देऊ लागल्या. स्ट्रॅझिन्स्की यांनी कथा-संपादकपद सोडले. व्हेंकमनचा आवाज डेव्ह कूलिए यांच्याकडे, तर पुढे विन्स्टनचा बस्टर जोन्स यांच्याकडे गेला. १९८८ पासून मालिका 'स्लायमर! अँड द रिअल घोस्टबस्टर्स' या नावाने एका तासाची झाली आणि तीत स्लायमरच्या बाळबोध विनोदी गोष्टींना प्राधान्य मिळाले. चित्रपटात या भुताला नावही नव्हते. मालिकेने दिलेले नावच पुढे सर्वत्र रूढ झाले.

उत्तरकाळात स्ट्रॅझिन्स्की काही भाग लिहिण्यापुरते परतले. त्यांपैकी 'जनीन, यूव्ह चेंज्ड' या भागात सहकाऱ्यांना अचानक उमगते की जनीन पूर्वीसारखी राहिलेली नाही. तिचे रूप पालटण्यामागे एका दुष्ट शक्तीचा हात असल्याचे कथेत निष्पन्न होते.

मालिकेचे प्रसारण १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये संपले. १९९७ मध्ये आलेल्या 'एक्स्ट्रीम घोस्टबस्टर्स' या पुढील मालिकेत इगॉन नव्या पिढीचा शिक्षक म्हणून दिसतो. त्याला आवाज पुन्हा लामार्श यांनीच दिला.