पकड कशी शिकवावी?

खेळांत प्रेक्षकांचें लक्ष धांवणाऱ्याकडे जातें; अडविणाऱ्याकडे क्वचितच. तरी कित्येक सामने अडविणाराच जिंकून देतो. अमेरिकन फुटबॉलमध्यें प्रत्येक बाजूस अकरा गडी असतात. त्यांपैकीं बचावाच्या पुढच्या रांगेंतील तीन-चार धिप्पाड गड्यांनीं, विरुद्ध पक्षाच्या मुख्य गड्यानें चेंडू फेंकण्यापूर्वींच त्याला गांठावयाचें असतें. 'पुणे मराठाज' नांवाचा संघ इ. स. २०१२ मध्यें हा खेळ खेळला. परंतु ही विद्या समजण्यास जळगांव-धुळ्याच्या मुलांना दूर जावयास नको. आपली कबड्डी, म्हणजेच जुना हुतूतू, पुरेशी आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें तिचें प्रात्यक्षिक दाखविलें, व १९९० पासून ती आशियाई स्पर्धांत आहे.

पहिली गोष्ट दृष्टीची. अमेरिकेंतील गडी समोरच्याच्या आरोळीनें फसत नाहीं. चेंडू हलला कीं तो निघतो. त्याचप्रमाणें, चढाई करणाऱ्याच्या हातांच्या हुलकावणीकडे न पाहतां त्याच्या कमरेकडे व पायांकडे पाहावें. ज्या पायावर शरीराचा भार पडला, तो पाय तत्काळ उचलतां येत नाहीं. घोटा धरण्याची वेळ तीच.

दुसरी गोष्ट शरीराच्या ठेवणीची. गुडघे वांकवावे, पाय रुंद ठेवावे, पाठ सरळ असावी. शरीराचा भार जितका खालीं व पायांमधील अंतर जितकें योग्य, तितका माणूस उलथविणें कठीण. म्हणूनच सडपातळ मुलगाही ताठ उभ्या असलेल्या बलवानास रोखूं शकतो.

तिसरी गोष्ट सहकार्याची. अमेरिकन खेळांत एकानें आपली वाट सोडली, तर त्याच फटींतून चेंडू फेंकणारा निसटतो. कबड्डीच्या सात गड्यांतही एकजण उतावीळपणें झेंपावला, कीं साखळी तुटते. कोंपऱ्यांतील गड्यानें घोटा धरतांच शेजाऱ्यांनीं क्षणांत कंबर वेढली पाहिजे; एकट्याची पकड फार वेळ टिकत नाहीं.

शिकविण्याचा क्रम असा असावा: प्रथम जोडीदार स्थिर उभा असतां, नंतर तो चालत असतां, मग अर्ध्या वेगानें, आणि शेवटीं पूर्ण वेगानें. जोड्या वजनानें सारख्या असाव्या. पकड करतांना डोकें वर व चढाई करणाऱ्याच्या शरीराच्या बाजूस ठेवावें. त्याच्या गुडघ्यासमोर कधींही नेऊं नये. मानेची दुखापत जन्मभराची ठरूं शकते. अमेरिकेंत शिरस्त्राण असूनही डोकें खालीं घालून धडक देणाऱ्यास दंड होतो. कबड्डीच्या नियमांतही तोंड दाबणें, गळा आवळणें व पायांची कात्री घालणें निषिद्ध आहे.

पालकांसही एक विनंति आहे. खानदेशांतील काळी जमीन उन्हाळ्यांत भेगाळते. मैदानांतील भेगा बुजविल्या आहेत काय, खडे वेंचले आहेत काय, हें अवश्य विचारावें. डोक्यास मार लागून मुलाला भोंवळ आली, तर त्या दिवशीं त्यास पुन्हां खेळूं न देतां डॉक्टरांस दाखवावें.

बालमित्रांनो, ज्याला तुम्हीं पकडतां तो घटकाभराचा प्रतिस्पर्धी आहे, आणि सामना संपल्यावर तुमचा सोबतीच आहे. त्याला घट्ट धरा. परंतु तो धडधाकट घरीं जाईल अशा रीतीनें धरा.