ऑफिसचा लॅपटॉप आणि ओटीवरचं वायफाय

गणपतीला, शिमग्याला किंवा आजारी आईवडिलांसाठी महाड-पोलादपूरकडे येणाऱ्या मुंबईकराच्या बॅगेत हल्ली ऑफिसचा लॅपटॉप असतोच. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ही सवय लागली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दूरसंचार विभागाने कॉल सेंटर आणि तत्सम कंपन्यांसाठीचे नियम सैल केले आणि घरून किंवा कुठूनही काम करण्याला कायमची वाट मिळाली. तरीही कापड्याला किंवा वरंधला पोहोचून लॅपटॉप उघडला की पहिल्याच सकाळी साहेबांना ‘नेट नाही’ असं कळवावं लागतं. या तक्रारीमागे चार वेगवेगळे बिघाड असू शकतात. खांबावरून घरात येणारी फायबर, घरातलं वायफाय, कंपनीचं व्हीपीएन आणि तुमची ओळख पटवणारा ओटीपी. प्रत्येकासाठी फोन करायचा माणूस वेगळा आहे. केबलवाल्याला व्हीपीएनबद्दल विचारून उपयोग नाही आणि हैदराबादेत बसलेल्या हेल्पडेस्कला तुमच्या दारातली तुटलेली वायर दिसत नाही. म्हणून शोध नेहमी बाहेरून आत घ्यावा.

महाड-बिरवाडीत फायबर आता नवलाईची राहिलेली नाही. आत घाटाकडच्या वाड्यांवर मात्र गावागणिक फरक पडतो. केबलवाला भिंतीवर जो डबा लावून जातो त्याला सगळे मॉडेम म्हणतात, त्याचं खरं नाव ओएनटी. केसाएवढ्या काचेच्या धाग्यातून प्रकाश येतो आणि हा डबा त्याचे विजेचे संकेत करतो. घराकडे येणारा प्रकाश साधारण १४९० नॅनोमीटर लांबीचा आणि घरातून जाणारा १३१० चा, त्यामुळे एकाच धाग्यातून दोन्ही दिशांची वाहतूक न अडखळता चालते. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण म्हणून निसटलेल्या वायरीच्या तोंडात डोकावून पाहू नये.

डब्यावरचे दोन दिवे ओळखायला शिका. ‘पॉन’ लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असला की प्रकाश नीट पोहोचतोय. ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल झाला, की प्रकाश येतच नाही. अशा वेळी लॅपटॉप दहादा बंद-चालू करणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय. सरळ केबलवाल्याला फोन करावा. तो मीटर घेऊन आला की ‘पॉवर किती येतेय?’ एवढं विचारा. आकडा उणे असतो. उणे वीसच्या आसपास असेल तर उत्तम, उणे सत्तावीसच्या पलीकडे गेला तर जोडणी केव्हाही तुटणार. दर तीन अंकांनी प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे एकवीस आणि उणे सत्तावीस यांत चौपटीचा फरक आहे. हा प्रकाश वाटेत गळतो तो बहुधा सांध्यांवर आणि काटकोनात मुडपलेल्या वायरीवर. खिडकीच्या कोपऱ्यात खिळ्याला गच्च गुंडाळलेली फायबर सोडवून मोठ्या वळणाने फिरवली, तर कधी कधी तेवढ्यानेच काम भागतं.

आता वायफाय. इथली जुनी घरं जांभ्याची नाही तर काळ्या दगडाची, भिंती फूटभर जाड, वर कौलं किंवा पत्रे. डब्यातून दोन प्रकारच्या लहरी निघतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाली वेगवान, पण जाड दगडी भिंतीपलीकडे तिचा जोर फारसा टिकत नाही, २.४ वाली संथ, पण लांब जाते. दुकानातला माणूस ‘ड्युअल बँड’चं कौतुक करतो ते मुंबईच्या विटांच्या फ्लॅटसाठी खरं. तिथे शेजारच्या वीस घरांचं वायफाय २.४ वर कोंडलेलं असतं आणि पाचचा आसरा घ्यावाच लागतो. उमरठच्या बाजूच्या एकट्या घराला शेजाऱ्याचा असा त्रास नाही. तिथे २.४ च बरी, फक्त सेटिंगमध्ये १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनेल पक्कं करून ठेवावं. पत्र्याची भिंत, लोखंडी कपाट, फ्रिज यांच्यामागे डबा ठेवला तर कुठलीच लहर धड बाहेर पडत नाही. पुष्कळ घरांत डबा टीव्हीच्या मागे असतो, कारण केबलवाल्याला तिथे भोक आयतं मिळतं. तो बसवायला येईल तेव्हाच त्याच्याजवळ उभं राहावं आणि जागा आपण ठरवावी.

ज्या खोलीत काम करणार तिथवर वायर नेता आली तर वायफायचा विषयच संपतो. कॅट-६ ची लॅन केबल शंभर मीटरपर्यंत पूर्ण वेगाने चालते. हल्लीच्या पातळ लॅपटॉपना तिचं भोक नसतं. यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो. मात्र काही कंपन्यांनी अनोळखी यूएसबी उपकरणं बंद केलेली असतात, त्यामुळे ते मुंबईत असतानाच लावून बघावं. आणखी एक सावधगिरी. जुन्या घरातून अंगण ओलांडून नव्या घरात तांब्याची केबल उघड्यावरून ओढू नका. मे महिन्यातल्या वळवाच्या आणि परतीच्या पावसातल्या विजा आपल्याकडे कशा कडाडतात ते सांगायला नको. जवळपास वीज पडली तरी त्या तारेतून दोन्ही टोकांची यंत्रं जळू शकतात. अंगणापलीकडे न्यायचं असेल तर फायबरच न्यावी, काचेतून वीज वाहत नाही.

डब्याला जोडलेल्या प्रत्येक उपकरणाला तो घरापुरता एक पत्ता देतो, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१ ने सुरू होणारा. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत, त्यामुळे जगभर लाखो घरांत तेच असतात. अडचण येते ती कंपनीच्या आतल्या जाळ्यातही नेमके तेच पत्ते असतील तेव्हा. व्हीपीएन ‘कनेक्टेड’ दाखवतं आणि तरी ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही, कारण लॅपटॉप तो सर्व्हर आपल्याच घरात शोधत बसतो. डब्याच्या सेटिंगमध्ये जाऊन घरचा पत्ता १९२.१६८.५० असा काहीसा वेगळा केला की प्रश्न मिटतो. सेटिंगला कुलूप असेल तर हे काम केबलवाल्याकडून करून घ्यावं लागेल. त्याच बैठकीत डब्याचा मूळ पासवर्डही बदलून घ्या. डब्याच्या पाठीवर छापलेला पासवर्ड घरात आलेल्या कुणालाही वाचता येतो.

कामाचा लॅपटॉप घरच्या वायफायवर घरच्या माणसासारखा मोकळा सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जुन्या घरात परक्या माणसाची ऊठबस ओटीवर असे, त्याला चहापाणी सगळं मिळे, पण तो माजघरात येत नसे. बऱ्याच राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असतं, ते हेच करतं. त्यावर बसलेल्या उपकरणाला इंटरनेट मिळतं, पण घरातला सीसीटीव्ही, टीव्ही, भावाचा संगणक दिसत नाही. फायदा दोन्ही बाजूंना आहे. भाच्याने कुठून तरी उतरवलेल्या गेमबरोबर आलेला व्हायरस कंपनीच्या लॅपटॉपपर्यंत पोहोचत नाही, आणि कंपनीने लॅपटॉपवर बसवलेल्या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला तुमच्या घरात काय काय आहे ते मोजता येत नाही. विंडोजच्या सेटिंगमध्ये जोडणी ‘पब्लिक’ की ‘प्रायव्हेट’ ते ठरवता येतं. आपलं घर असलं तरी ‘पब्लिक’च ठेवावं. घरचा प्रिंटर मग वायफायवरून दिसणार नाही. कंपनीची परवानगी असेल तर तो यूएसबी केबलने जोडावा. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवा डब्ल्यूपीए-३ ठेवावा. एखादा जुना फोन जोडला जात नाही म्हणून ती सेटिंग खाली आणू नये.

गणपतीच्या दिवसांत याच जाळ्यावर पंधरा-वीस फोन चढतात. आरतीचे व्हिडिओ मुंबईच्या, दुबईच्या नातेवाइकांना जातात आणि प्रत्येक फोन फोटोंची प्रत गुपचूप वर चढवत असतो. डाउनलोडचा वेग मोजला तर चांगला दिसतो, पण मीटिंगमध्ये तुमचाच आवाज तुटतो, कारण भरलेला असतो अपलोडचा रस्ता. राउटरमध्ये ‘क्यूओएस’ असेल तर लॅपटॉपला प्राधान्य देता येतं. नसेल तर मीटिंगपुरता स्वतःचा कॅमेरा बंद ठेवणं हा सर्वांत स्वस्त उपाय.

इथवर सगळं जमलं, ब्राउझरमध्ये बातम्या उघडल्या, तर घराची बाजू सुटली. पुढे कंपनीची. व्हीपीएन म्हणजे लॅपटॉप आणि कंपनीचं दार यांच्यामधली सगळी देवाणघेवाण सांकेतिक लिपीत करणारी व्यवस्था. वाटेतल्या केबलवाल्याला फक्त एवढंच दिसतं, की अमुक घरातून तमुक कंपनीकडे काहीतरी जातंय. ‘व्हीपीएनवर सरकारने बंदी घातली ना?’ असं कुणीतरी विचारतंच. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने ग्राहकांच्या नोंदी ठेवण्याचा आदेश काढला तो जनतेला व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी; कंपन्यांची अंतर्गत व्हीपीएन त्यातून वगळली आहेत.

व्हीपीएनचा एक बिघाड फार चकवतो. चॅट चालतं, छोटे मेल येतात, पण फाइल उघडायला गेलं की चक्र फिरतच राहतं. नेटवरून माहिती पुडक्यांमधून जाते आणि एका पुडक्यात साधारण १५०० बाइट मावतात. अनेक केबलवाल्यांच्या जोडणीत त्यातले आठ लॉगिनच्या पद्धतीत खर्च होतात, आणि व्हीपीएन त्यावर स्वतःचं वेष्टन घालतं. मग भरलेलं पुडकं मापात बसत नाही आणि वाटेत टाकलं जातं. छोटी मात्र सुखरूप जातात. हेल्पडेस्कला ‘नेट स्लो आहे’ सांगण्याऐवजी ‘छोट्या गोष्टी चालतात, मोठ्या अडकतात, एमटीयू, म्हणजे पुडक्याचं माप, कमी करून बघता का?’ असं सांगितलं तर बराच त्रास वाचतो.

आणि ओटीपी. सावित्रीच्या वरच्या अंगाला, आंबेनळी घाटाच्या पायथ्याला डोंगरांच्या कुशीत अशी घरं आहेत, की फायबर आहे पण मोबाइलला रेंज नाही. नेट धावतंय, व्हीपीएनचा पासवर्ड बरोबर आहे, आणि एसएमएसचा ओटीपी मात्र फोनवर पोहोचतच नाही. लोक मग फोन घेऊन वरच्या टेपाडावर धावतात, परत येईपर्यंत ओटीपीची मुदत संपते. याची तोड मुंबईत असतानाच करावी. ऑथेंटिकेटर अ‍ॅप घेतलं की दर तीस सेकंदांनी नवा सहा आकडी क्रमांक फोनमध्येच तयार होतो आणि त्याला कसलीच रेंज लागत नाही. नोंदणीच्या वेळी कंपनीचा सर्व्हर आणि फोन एक गुप्त किल्ली वाटून घेतात. पुढे दोघंही त्या किल्लीवर आणि घड्याळातल्या वेळेवर तेच गणित करतात, म्हणून दोघांचं उत्तर एकच येतं. फोनचं घड्याळ मिनिट-दोन मिनिटांनी चुकलं तर मात्र क्रमांक नाकारला जातो. अ‍ॅपची सोय नसेल तर फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू करून बघा. काही कंपन्यांच्या सिमवर त्यातून एसएमएसही येतात.

असंच दुसरं काम पासवर्डचं. त्याची मुदत सुट्टीच्या मध्यावर संपत असेल तर निघण्याआधीच बदला. व्हीपीएन न जोडता दुसरीकडून बदललेला पासवर्ड लॅपटॉपला कळत नाही. तो जुनाच मागत राहतो आणि दोन-चार प्रयत्नांत खातं बंद पडतं.

राहिली वीज आणि पाऊस. वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालतो, डबा मात्र विझतो. बरेचसे डबे बारा व्होल्टवर चालतात, त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. घ्यायच्या आधी डब्याच्या अडॅप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या. फायबरच्या वाटेतले स्प्लिटर विजेविना चालतात, पण काही गावांत केबलवाल्याने मध्येच विजेवरचा स्विच बसवलेला असतो. तिथे वीज गेली की तुमचा यूपीएस असूनही नेट जातं. हे त्याला आधीच विचारून ठेवावं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड जिल्ह्यात खांब आडवे झाले आणि पुष्कळ गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ च्या पुरात महाडचा फोनसंपर्कही तुटला होता. असल्या संकटापुढे कुठलाही यूपीएस पुरा पडत नाही. पण महाडच्या बाजारपेठेत किंवा नदीकाठच्या आळीत घर असेल तर डबा आणि लॅपटॉप दोन्ही वरच्या मजल्यावर असावेत.

एरवीच्या खंडित दिवसासाठी फोनचा हॉटस्पॉट तयार ठेवावा. चांगल्या दर्जाचा व्हिडिओ कॉल तासाला जीबीभर डेटा सहज खातो, शिवाय विंडोज त्याच वेळी अपडेट उतरवायला लागलं तर दिवसाचा पॅक सकाळी अकरालाच संपतो. हॉटस्पॉटचं नाव लॅपटॉपमध्ये उघडून ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू केलं की ती उतरवणी बहुतांशी थांबते. कंपनीने ते बटण बंद ठेवलं असेल तर निघण्याच्या आदल्या रात्री मुंबईच्या वायफायवर सगळी अपडेट उतरवून, लॅपटॉप एकदा पुन्हा चालू करून मगच बॅग भरावी.