विश्लेषण : जुन्या ट्रॅक सायकलला चिमटा कोणता बसवावा?

जोगेश्वरी पश्चिमेला रिलीफ रोडच्या आसपास जुन्या फर्निचरचा मोठा बाजार भरतो. चित्रपटांच्या सेटसाठी जुन्या वस्तू शोधणारेही इथेच येतात. अशा बाजारात कधी सायकलचा सांगाडा हाती लागला, आणि त्यावर ब्रेकची तार अडकवायला जागाच नसेल, मागच्या चाकाची खाच खाली न उघडता मागे उघडत असेल, तर ती बहुधा ट्रॅक सायकल, म्हणजे वेलोड्रोमवरच्या शर्यतीसाठी बनवलेली. अशा सांगाड्याचा पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, पुष्कळदा गायब असतो. रंग, सीट, चाके यांचे पैसे टाकले की काम होते. चिमट्याचे तसे नाही.

मुंबईत अशी सायकल आली कुठून?

स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात मुंबई सायकलींचे महत्त्वाचे शहर होते. हिंद सायकल्सचा कारखाना वरळीत होता. १९८० मध्ये संसदेच्या कायद्याने त्याचे आणि बंगालमधील सेन-रॅलेचे राष्ट्रीयीकरण झाले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये भारताचे सायकलपटू उतरले होते आणि त्या चमूत पारशी नावे बरीच होती. जोगेश्वरीच्या मालकम बागेसारख्या पारशी वसाहती मुंबईत आजही आहेत. शर्यतीच्या सायकली मात्र बहुतेक ब्रिटन किंवा इटलीतून येत, आणि त्या ज्या देशातून आल्या त्या देशाची मापे सोबत घेऊन आल्या. आजची खरी डोकेदुखी तीच आहे.

काळ्या सायकलचा चिमटा का चालत नाही?

समोरून धडक बसली की आधी वाकतो तो चिमटा. त्यामुळे तो भंगारात जातो आणि सांगाडा मागे राहतो. मग दुकानदार सांगतो, ‘काळ्या सायकलचा टाकू, बसेल.’ बसतोही कधी कधी. धोका तिथेच आहे.

चिमट्याची दांडी ज्या रेषेत झुकलेली असते ती रेषा मनातल्या मनात जमिनीपर्यंत वाढवा. टायर जमिनीला टेकतो त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला लागते. या अंतराला ‘ट्रेल’ म्हणतात. सायकल सरळ जाण्यात या अंतराचा मोठा वाटा असतो. ट्रॅक सायकलची पुढची नळी बरीच उभी, सुमारे ७४ अंशांची असते आणि चिमट्याची पाती टोकाशी थोडीच, साधारण ३० ते ४० मिलिमीटर पुढे वळलेली असतात. ३५ मिलिमीटर वळण धरले तर ट्रेल येतो सुमारे ६० मिलिमीटर.

दूधवाल्याच्या सायकलचा चिमटा सुमारे ७५ मिलिमीटर पुढे वळलेला असतो. त्या सायकलची नळी जास्त तिरपी असल्यामुळे तिथे हिशोब जमतो. तोच चिमटा ७४ अंशांच्या नळीत घातला तर ट्रेल साठावरून वीसच्याही खाली येतो. हँडल हलके, चंचल होते आणि वेगात सायकल सरळ धरून ठेवणे कठीण जाते. त्यात हा चिमटा २८ इंची जाड चाकासाठी केलेला, म्हणून उंचही असतो. पुढची बाजू एक सेंटिमीटर उचलली की नळीचा कोन सुमारे अर्धा अंश बदलतो. त्याने ट्रेल थोडा सावरतो, पण सायकलची मूळ ठेवण बिघडते. चिमटा आणि सांगाडा ही जोडी आहे, एकटा चिमटा चांगला किंवा वाईट नसतो.

मोजायचे काय?

खरेदीला निघण्यापूर्वी व्हर्नियर घेऊन बसा. दांडीचा बाहेरचा व्यास ब्रिटिश, इटालियन आणि जपानी सायकलींत १ इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर असतो. जुन्या फ्रेंच सायकलींत तो २५ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी, पण त्यामुळे नट बसत नाही.

मग आटे. प्रचलित माप एका इंचात २४ आट्यांचे. रॅलेने मात्र आपल्या सायकलींना वर्षानुवर्षे २६ आटे ठेवले. २४ चा नट २६ च्या दांडीवर एक-दोन फेरे चढतो आणि अडकतो. अशा वेळी पान्याला जोर देणारा मेकॅनिक दिसला तर त्याला थांबवा, कारण आटे गेले की चिमटा गेला. थ्रेड गेज नसेल तर पट्टी लावून एका इंचातले आटे मोजा, तेवढ्याने काम होते.

दांडीच्या लांबीचा हिशोब सोपा आहे. पुढच्या नळीची लांबी अधिक छऱ्यांच्या वाट्या, वॉशर आणि नट यांची एकत्रित उंची. नळी १२० मिलिमीटर आणि वाट्या-नट ३८ मिलिमीटर असतील तर दांडी १५८ मिलिमीटर हवी. लांब असेल तर कापता येते, मात्र आटे पुरेसे खालपर्यंत असले पाहिजेत. आखूड असेल तर तो चिमटा सोडून द्या, जोड देऊन वाढवू नका.

चिमट्याच्या मुळाशी जिथे खालची रेस ठोकून बसवतात तिथला व्यास लोक हमखास विसरतात. तो २६.४ किंवा २७ मिलिमीटर असू शकतो, रेस त्याच मापाची लागते. हबची रुंदीही पाहा. आजचे पुढचे ट्रॅक हब १०० मिलिमीटरचे असतात, जुन्या ब्रिटिश सायकलींत ते अरुंद असत.

जुना घ्यावा की नवा?

त्याच कंपनीचा, त्याच काळातला चिमटा मिळाला तर आनंदच, पण तो तपासून घ्या. मुंबईच्या खाऱ्या हवेत गंज आतून लागतो आणि वरचा रंग साळसूद राहतो. दांडीच्या आत टॉर्च मारून पाहा. पात्यांच्या मुळाशी, मागच्या बाजूला रंगाला बारीक सुरकुत्या असतील तर तो चिमटा एकदा वाकून सरळ केलेला आहे. शंका असेल तर लाल रंगाच्या द्रवाने भेगा दाखवणारी डाय पेनिट्रंट चाचणी करून घ्यावी, यंत्रभागांसाठी ती नेहमीच केली जाते. आणि चांगल्या जुन्या चिमट्याच्या नळ्या पातळ असतात, १९३५ मध्ये आलेल्या रेनॉल्ड्स ५३१ या प्रसिद्ध पोलादाच्याही. त्यांच्यावर गल्लीतल्या वेल्डरचा आर्क चालवू नये.

दुसरा मार्ग जपानचा. तिथे १९४८ पासून ‘केइरिन’ या ट्रॅक शर्यती चालतात आणि त्या मुख्यतः पोलादी सायकलींवर होतात. निवृत्त सायकलींचे एनजेएस शिक्का असलेले चिमटे जुन्या बाजारात येतात. मापे ठरलेली आणि काम सुबक. भाव मात्र हलका नाही.

ब्रेकचे काय?

मुंबईकराने ट्रॅक सायकल ट्रॅकवर चालवायची तर पुण्याच्या बालेवाडीपर्यंत जावे लागेल, तिथले क्रीडा संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभारले गेले. म्हणजे जोगेश्वरीत दुरुस्त केलेली सायकल प्रत्यक्षात एस. व्ही. रोडवर आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, बस आणि डंपरच्या शेजारी फिरणार. ट्रॅकच्या चिमट्याला ब्रेकचे भोक नसते, कारण ब्रेकच नसतो. जुन्या चिमट्याला भोक पाडून घेण्याचा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. ब्रेक दाबला की चिमट्यावर मागे वाकवणारा जो जोर येतो, त्याचा विचार करून तो चिमटा बनवलेलाच नसतो, आणि चिमटा तुटतो तेव्हा सावरायला वेळ मिळत नाही.

भिंतीवर टांगायची असेल तर मूळ घडणीचा चिमटा शोधत बसा, वर्ष लागले तरी हरकत नाही. चालवायची असेल तर १ इंची आट्यांचा, ब्रेकचे भोक असलेला, ३५ ते ४५ मिलिमीटर वळणाचा नवा पोलादी रोड चिमटा घ्या आणि पुढे ब्रेक लावा. ट्रेल थोडा कमी होईल, पण चालण्यात फारसा फरक जाणवणार नाही. जाणकार नाक मुरडतील, मुरडू द्या. जुना चिमटा सापडलाच तर तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. सायकल विकताना तो सोबत दिला की किंमतही टिकते. नवा बसवल्यावर पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर वरचा नट पुन्हा तपासा. वाट्या नळीत बसत जातात तसा तो हमखास सैल होतो.