हाडं आणि आपण – लेखांक ९ : मधली तीस वर्षं

गेल्या आठवड्यात आपण मुडदुसाबद्दल बोललो. तो घरोघरी ठाऊक असलेला आजार. आजचा आजार मात्र बहुतेक डॉक्टरांनीही उभ्या कारकिर्दीत पाहिलेला नसतो. जगात साधारण अडीच लाख ते दहा लाख माणसांमागे एकाला तो होतो. तरीही त्याला अख्खा लेखांक द्यायचं मी ही मालिका आखतानाच ठरवलं होतं. सांध्यांची झीज नेमकी कुठून सुरू होते, या अगदी रोजच्या प्रश्नाकडे पाहण्याची एक नवी वाट या दुर्मीळ आजाराने दाखवली आहे.

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जन सांधा उघडतो तेव्हा आत काय दिसणार, याचा त्याला अंदाज असतो. निरोगी कूर्चा पांढरी, गुळगुळीत, चकाकणारी असते. झिजलेली कूर्चा पिवळट आणि खरबरीत होते, कुठे कुठे तर खालचं हाड उघडं पडलेलं असतं. पण एखाद्याच रुग्णाच्या बाबतीत सांधा उघडल्यावर कूर्चा काळीकुट्ट निघते. ती ठिसूळ झालेली असते, चिमट्याने धरली तर कपचे निघतात. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत येऊनही रुग्णाला किंवा डॉक्टरांना आजाराचं नाव ठाऊक नव्हतं, अशा नोंदी अस्थिरोगाच्या नियतकालिकांत पुन्हा पुन्हा येतात. भारतातल्या रुग्णालयांतूनही आल्या आहेत. या आजाराचं नाव अल्काप्टोन्युरिया.

मूळ बिघाड हाडात नाही, यकृतात आहे. आपण डाळ, दूध, अंडी, मासे खातो, त्यातल्या प्रथिनांपासून टायरोसिन नावाचं अमिनो आम्ल मिळतं. शरीराला लागेल तेवढं वापरून उरलेलं टायरोसिन एकापाठोपाठ एक पायऱ्यांनी मोडलं जातं, आणि प्रत्येक पायरीवर एक विकर म्हणजे एन्झाइम काम करतं. या वाटेवर मध्येच होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. निरोगी माणसात ते लगेच पुढे मोडतं, रक्तात जेमतेम सापडतं. अल्काप्टोन्युरियात ते मोडणारं विकर जन्मापासूनच काम करत नाही. मग हे आम्ल साठतं. मूत्रपिंडं त्यातलं बरंचसं बाहेर टाकतात, दिवसाला काही ग्रॅम. पण जे मागे राहतं ते हळूहळू काळसर रंगद्रव्यात बदलतं आणि कूर्चेत, स्नायुबंधांत, मणक्यांमधल्या गाद्यांत जाऊन बसतं.

लघवीतून बाहेर पडलेलं आम्लही हवेत काळं पडतं. म्हणून या आजाराची पहिली खूण बाळाच्या लंगोटावर दिसते: ताजी लघवी नेहमीच्याच रंगाची, पण काही तासांनी कापडावर तपकिरी-काळा डाग.

याच डागाने वैद्यकशास्त्राला एक मोठी गोष्ट शिकवली. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट बालरुग्णालयात आर्चिबाल्ड गॅरड नावाचे डॉक्टर होते. आतड्यातल्या जंतूंमुळे लघवी काळी होते, अशी त्या काळातली एक मान्य समजूत होती. गॅरड यांना ती पटत नव्हती. त्यांच्याकडे या आजाराचा एक लहान मुलगा होता आणि त्याची आई पुन्हा गरोदर होती. १९०१ च्या मार्च महिन्यात बाळ जन्मलं. त्याच्या लंगोटांवर पहिल्या तासापासून लक्ष ठेवण्याची व्यवस्था गॅरड यांनी केली होती. तिसऱ्या दिवशी डाग दिसला. जंतूंचा संसर्ग कुठून तरी व्हावा लागतो, इथे तर बाळ आजार घेऊनच आलं होतं.

अशा कुटुंबांची चौकशी करताना गॅरड यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली. या मुलाचे आईवडील मावस भावंडं होते. इतर अनेक कुटुंबांतही आईवडील चुलत, मावस किंवा आतेमामे नात्यातले निघाले. मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं काम नुकतंच, १९०० मध्ये, नव्याने उजेडात आलं होतं. जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी गॅरड यांच्या निरीक्षणांचा अर्थ लावला: बिघडलेलं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलं तरच आजार दिसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारात एक. १९०२ मध्ये गॅरड यांनी हे सगळं मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. माणसाच्या एखाद्या आजाराला मेंडेलचे नियम लागू पडतात, हे प्रथमच दाखवलं गेलं. जन्मजात चयापचय दोषांचं अख्खं शास्त्र तिथून सुरू झालं.

आपल्याकडे मावस भावंडांचं लग्न सहसा होत नाही. मामाच्या मुलीशी लग्न मात्र मराठवाड्यात आणि दक्षिण महाराष्ट्रात आजही होतं, आणि त्यात काही वावगं मानलं जात नाही. जनुकांच्या हिशेबात या दोन्ही नात्यांत फरक नाही. मामेबहिणीचे आणि आपले सामाईक आजी-आजोबा तेवढेच. ज्या घरात असा आजार आहे, तिथे सोयरीक जुळवताना हे बोललं गेलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

डाग जन्मतः दिसतो, पण त्यानंतर बहुधा तीस वर्षं काहीच होत नाही. मूल खेळतं, शिकतं, नोकरीला लागतं. लंगोटाची गोष्ट आईच्या आठवणीतूनही पुसट होते. मग तिशीत कंबर धरायला लागते. सकाळी पाठ आखडते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर तपकिरी ठिपका येतो, बाहेरच्या कानातली कूर्चा निळसर दिसू लागते, पण पाठदुखीसाठी गेलेल्या माणसाचे कान कोण तपासणार? पाठीचा एक्स-रे काढला की मणक्यांमधल्या गाद्या चपट्या झालेल्या आणि कॅल्शियम बसून पांढऱ्या पडलेल्या दिसतात. पाठ ताठ होत जाते म्हणून ‘अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस’ असं निदान होऊ शकतं. तो वेगळाच आजार आहे. त्यात कमरेच्या खालचे, माकडहाडाजवळचे सांधे आधी धरतात, अल्काप्टोन्युरियात ते बहुधा वाचलेले असतात. पुढे गुडघे, नितंबाचे सांधे, खांदे यांची पाळी येते. हाडांची घनता मोजतानाही इथे सावध राहावं लागतं. गाद्यांत साठलेल्या कॅल्शियममुळे कण्याची घनता आहे त्याहून चांगली दिसू शकते. अशा रुग्णाच्या नितंबाच्या हाडाची घनता पाहणं अधिक भरवशाचं.

आता या आजाराने जे नवं शिकवलं त्याकडे येतो. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल विद्यापीठात हाडांचे अभ्यासक जेम्स गॅलाघर आणि त्यांचे सहकारी रुग्णांच्या शस्त्रक्रियेत काढलेले सांधे सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होते. हे रंगद्रव्य सगळीकडे एकदम बसत नाही. ते आधी दिसतं कूर्चा आणि हाड यांच्या मधल्या एका पातळ थरात. तो थर म्हणजे कॅल्शियम बसलेली कूर्चा. तिथेही सुरुवात एकेकट्या पेशीभोवती होते. मग रंग वर पसरतो, कूर्चा कडक होते. भार झेलताना ती दबत नाही, त्यामुळे भार विभागलाच जात नाही, आणि खालचं हाड हाडभक्षक पेशी खाऊन टाकू लागतात.

रंग तिथेच का सुरू होतो? या गटाचं म्हणणं असं, की निरोगी कूर्चेतल्या कोलॅजनच्या तंतूंवर इतर रेणूंचं संरक्षक आवरण असतं. वयाने किंवा ताणाने ते आवरण जिथे विरतं, तिथे तंतू उघडे पडतात आणि आम्ल तिथेच चिकटतं. म्हणजे काळा ठिपका हा आजाराचा डाग तर आहेच, पण कूर्चा पहिल्यांदा कुठे कमजोर झाली त्याची ती नोंदही आहे. साध्या संधिवातात हीच झीज रंगहीन असते, म्हणून ती आपल्याला उशिरा कळते. पुढे याच रुग्णांच्या सांध्यांत हाडातून कूर्चेत घुसलेले खनिजाचे अत्यंत कठीण, सूक्ष्म सुळके सापडले. मग संशोधकांनी साध्या संधिवाताच्या सांध्यांत ते शोधले, तर तिथेही निघाले. दुर्मीळ आजारावर पैसा घालवायचा कशाला, असं विचारणाऱ्यांना मी हे उदाहरण देतो. गुडघेदुखी किती घरांत आहे ते सांगायला नकोच.

उपचाराची कथा एका झाडापासून सुरू होते. लाल, बाटली धुण्याच्या ब्रशसारखी फुलं येणारं बॉटलब्रशचं झाड आपल्याकडे बागांत आणि सोसायट्यांच्या आवारात लावतात. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियात एका शास्त्रज्ञाने पाहिलं, की या झाडाखाली तण फारसं उगवत नाही. झाडातलं एक रसायन तण रोखत होतं; त्यावरून तणनाशकं बनवण्याचे प्रयोग झाले आणि त्यातून निटिसिनोन हे औषध आलं. ते टायरोसिन मोडण्याच्या वाटेतली एक पायरी बंद करतं, नेमकी ती, जिच्यातून होमोजेंटिसिक आम्ल तयार होतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये स्वेन लिंडस्टेट यांनी ते टायरोसिनेमिया या बालकांच्या प्राणघातक यकृतविकारावर वापरलं आणि मुलं वाचली.

मग तेच अल्काप्टोन्युरियावर का नको? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ४० रुग्णांवर तीन वर्षं चाचणी केली. आम्ल झपाट्याने उतरलं, पण नितंबाचा सांधा किती वळतो या मोजमापात ठरवलेला फरक दिसला नाही. २०११ मध्ये निष्कर्ष आला आणि औषध रेंगाळलं. मला वाटतं, दोष मोजपट्टीत होता. तीस वर्षं मुरलेला आजार तीन वर्षांत एका सांध्याच्या कोनात कसा उतरेल?

प्रयत्न सोडले नाहीत ते रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी. ब्रिटनमधल्या रुग्णसंघटनेचं काम पुढे नेणारे निक सिरो यांच्या दोन्ही मुलांना हा आजार आहे. लिव्हरपूलचे डॉ. लक्ष्मीनारायण रंगनाथ आणि ही संघटना यांच्या पुढाकाराने युरोपीय निधीतून मोठी चाचणी उभी राहिली: लिव्हरपूल, पॅरिस आणि स्लोव्हाकियातलं पिएश्तानी या तीन ठिकाणी १३८ रुग्ण, चार वर्षं, रोज १० मिलिग्रॅम. स्लोव्हाकियात हा आजार सुमारे १९ हजारांत एकाला होतो, म्हणून ते केंद्र मोलाचं. या वेळी एकाच सांध्यावर न थांबता डोळे, कान, कणा, सांधे असा सगळा हिशेब मांडला. वर्षभरात लघवीतलं आम्ल ९९.७ टक्क्यांनी घटलं आणि आजाराची गती मंदावली. २०२० मध्ये युरोपीय संघात प्रौढ रुग्णांसाठी औषधाला मान्यता मिळाली.

औषधालाही दोन बाजू आहेत. मोडण्याची वाट बंद झाल्यावर टायरोसिन साठतं आणि डोळ्याच्या बुबुळाला इजा करू शकतं, म्हणून प्रथिनं मोजून खावी लागतात आणि डोळे तपासावे लागतात. आणि आधीच बसलेला काळा थर ते खरवडून काढत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं: जन्मापासून औषध दिलेल्या उंदरांच्या सांध्यांत रंग बसला नाही, मध्यमवयात सुरू केलेल्यांत पुढचा रंग थांबला, मागचा तसाच राहिला. मुलांमध्ये ते कोणत्या वयात सुरू करावं यावर तज्ज्ञांत अजून चर्चा आहे, कारण वाढत्या वयात टायरोसिन चढं ठेवणं कितपत सुरक्षित, याची खात्री हवी. पण आजार कळलाच नाही तर ही चर्चा त्या मुलापर्यंत पोचणारच नाही. तमिळनाडूतल्या नारिकुरवर समाजात एका सामाईक उत्परिवर्तनामुळे हा आजार मोठ्या प्रमाणात आढळला, तोही शोध घेतला म्हणूनच.

तेव्हा वाचकांना एक सांगणं आहे. बाळाचं लंगोट किंवा डायपर वाळताना काळं पडत असेल, मोठ्या माणसाची लघवी भांड्यात राहून काळवंडत असेल, तर ‘उष्णता झाली असेल’ म्हणून सोडून देऊ नका. लघवी बाहेर येतानाच गडद असेल तर कारण कावीळ किंवा दुसरं काही असू शकतं, आणि तेव्हाही डॉक्टरांकडे जायला हवंच. डाग उशिरा येतो हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा आणि लघवीतल्या सेंद्रिय आम्लांची तपासणी करायची का ते विचारा. मुंबईचं केईएम रुग्णालय हे दुर्मीळ आजारांसाठी केंद्र सरकारने नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. निदान झालं तर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, त्यांना काहीही त्रास नसला तरी.