विमा पॉलिसीवर राहिलेले जुने नाव

नाशिकमध्ये एमएच १५ क्रमांकाची जुनी मोटार घेतली आणि आरटीओतून आरसी नावावर झाली, की व्यवहार पुरा झाला असे बहुतेकांना वाटते. विमा मात्र आधीच्या मालकाच्याच नावावर राहून जातो. १९८८च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १५७नुसार गाडीबरोबर विमाही नव्या मालकाकडे गेला असे मानले जाते. त्याने १४ दिवसांत कंपनीकडे नोंद बदलण्याचा अर्ज करायचा असतो. आपोआपच होत असेल तर धावपळ कशाला, असे कोणी म्हणेल. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९५मध्ये ‘कम्प्लीट इन्सुलेशन्स’ खटल्यात स्पष्ट केले, की हे आपोआप हस्तांतर तृतीय पक्षाच्या जोखमीपुरतेच आहे. द्वारका चौकात टक्कर झाली तर समोरच्याला भरपाई मिळेल, पण तुमच्या बंपर-रेडिएटरचा खर्च तुमच्याच माथी येऊ शकतो.

नावातले चुकलेले अक्षर किंवा जुना पत्ता एवढा घातक नसतो. तरी सर्व्हेअर आरसी आणि पॉलिसी शेजारी ठेवून पाहतो, तेव्हा दावा अडतो. ‘नूतनीकरणाच्या वेळी बघू’ हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. अपघात तोवर थांबत नाही. आरसी व ओळखपत्राच्या प्रतींसह लेखी अर्ज देऊन एंडॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतील बदलाची नोंद, घ्यावी. मालक बदलला असल्यास नो क्लेम बोनसचा फरक भरावा लागतो, कारण ती सवलत गाडीची नसून आधीच्या मालकाची असते. कंपनीने महिनाभर दाद दिली नाही, तर नाशिककरांना पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते.